मधल्या खोलीतला कागद

माझा थोरला भाऊ नागपूरला, बर्डीवरच्या एका दुकानात नोकरीला होता. पडद्यांचं आणि सोफ्यांचं कापड विकायचं ते दुकान. वर्ध्याजवळच्या आमच्या सेलूहून रोजचं जाणं-येणं झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून तो तिकडेच एक खोली घेऊन राहायचा आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. दुकानाचा मालक बंगल्यांच्या भिंतींना चिकटवायचा छापील कागदही विकत असे. सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत नागपूरच्या मोठ्या लोकांत ते खूळ नवीनच शिरलं होतं. दादा आधी नुसता माल पोचवायला जायचा. पुढे कारागिरांच्या हाताखाली उभा राहून कागद लावायलाही शिकला.

त्याचं लग्न ठरलं तेव्हा मालकाने उरलेसुरले गुंडाळे त्याला लग्नाची भेट म्हणून दिले. एस.टी.च्या टपावर टाकून त्याने ते आणले. फिकट पिवळ्या जमिनीवर हिरवी वेल, आणि वेलीला तांबूस फुलं. आईने विचारलं, हे कशाचं फूल? कोणालाच सांगता येईना. आमच्या शेताशिवारात तसलं फूल नव्हतं.

लग्नाच्या धांदलीत कागद तसाच कोपऱ्यात उभा राहिला. वैनी देवळीकडची. ती घरात आली, सत्यनारायण झाला, पाहुणे पांगले, आणि मग एका रविवारी त्या दोघांनी मिळून मधल्या खोलीला कागद लावायला घेतला. आमचं घर साधंच होतं. मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, वरून चुन्याचा गिलावा, दरवर्षी दिवाळीला नीळ घातलेला चुन्याचा हात. दादाने भिंत घासून घेतली, ओळंबा सोडून पेन्सिलीने उभ्या रेघा मारल्या. वैनीने चुलीवर मैद्याची खळ शिजवली आणि कसर लागू नये म्हणून त्याने सांगितल्याप्रमाणे तीत मोरचूद घातलं. ती खाली जमिनीवर कागदाला खळ लावायची, तो स्टुलावर चढून वरचं टोक धरायचा. दाराजवळच्या पट्टीला वेलीचा सांधा जुळला नाही. वेल अर्ध्यातच तुटली आणि हातभर खाली पुन्हा सुरू झाली. त्यावरून ती दोघं इतकी हसली की स्वयंपाकघरातून आईने आवाज दिला. आमच्या घरात नवराबायकोला एकमेकांशी मोठ्याने हसताना मी तोवर ऐकलं नव्हतं. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. दाराशी उभी राहून पाहत होते.

वैनी सगळं विचारून घ्यायची. हा काढायचा झाला तर कसा काढायचा, हेही तिने त्याच वेळी विचारलं. दादा म्हणाला, भिजवायचा, थांबायचं आणि मग सोडवायचा. घाई केली की भिंतही सोबत येते.

गुंडाळे दोनच भिंतींना पुरले. बाकीच्या दोन तशाच निळसर राहिल्या. तरी गल्लीतल्या बायका खोली पाहायला यायच्या. हात लावून पाहायच्या आणि कागद आहे की लुगडं, असं म्हणायच्या. आई मोठ्या अभिमानाने त्यांना चहा करून द्यायची.

लग्नाला दोन वर्षंही झाली नसतील. पावसाळ्याच्या शेवटी दादा नागपूरहून आला तो अंगात कणकण घेऊनच. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा कावीळ म्हणून काकांनी जवळच्या गावातून झाडपाल्याचं औषध आणलं. तेव्हा सगळे तेच करायचे. चार दिवस उतार पडल्यासारखं वाटलं. मग तो असंबद्ध बोलू लागला, तेव्हा बाबांनी जीप करून त्याला सेवाग्रामला नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी खूप धडपड केली. बाबा आणि वैनी त्याच्याजवळ होते. आई घरी देवापाशी बसलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप परत आली ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली. आत कोणी यायला धजेना.

त्या दिवसांचं मला फारसं सलग आठवत नाही. वैनी मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, एवढं आठवतं. तिला दिवस गेले होते ते दादा जायच्या आधीच्या उन्हाळ्यात वाया गेले होते. त्यामुळे मांडीवर घ्यायलाही काही नव्हतं. तिचा भाऊ न्यायला आला. ती गेली नाही. आईला सोडून कशी येऊ, म्हणाली. आणि खरंच, पहिलं वर्षभर आईला ताटावर बसवायचं काम तिनेच केलं. आई तिच्याच हातचं खायची.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली. मागच्या गल्लीतलं पाणी पायथ्याशी मुरत असावं. कागदाला खालून फुगवटे आले. त्यांवर बोट दाबलं की आत लोण्याची, म्हणजे ओलीने भिंतीवर फुटणाऱ्या खाराची, भुकटी करकरायची. भिंतीला श्वास मिळत नाही, हे काढा, नाहीतर गिलावा गळून पडेल, असं बाबा म्हणायला लागले. बाबा कापसाच्या जिनात फिटर होते. एखादी गोष्ट बिघडताना त्यांना पाहवत नसे. घरची थोडी शेती पाहणारे आमचे काका एक दिवस खुरपं घेऊनच आले. त्यांनी एक टोक धरून जोरात ओढलं. कागद टरकन् आला आणि त्याच्याबरोबर ताटाएवढा गिलावा खाली पडला. आतल्या विटा उघड्या झाल्या. आई स्वयंपाकघरातून धावत आली. काकांच्या हातातलं खुरपं तिने घेतलं आणि अंगणात फेकलं. एरवी दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई. त्यानंतर त्या भिंतीला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. ज्या जागी विटा दिसत होत्या तिथे आईने एक कॅलेंडर टांगलं.

बाबांनी वैनीच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला तो त्यानंतरच्या संक्रांतीला. आमच्यात पाट लावण्याची चाल पूर्वीपासून होती, पण मुलाच्या बापानेच पुढाकार घेऊन सुनेचं लावून देणं हे गावाला नवीन होतं. स्थळ आर्वीकडचं होतं. मोटारींचा मिस्त्री, बायको बाळंतपणात गेलेली, तीन-चार वर्षांची एक मुलगी. बाबा स्वतः जाऊन माणूस पाहून आले होते. त्यांनी वैनीला ओसरीवर बोलावून सगळं सांगितलं आणि म्हणाले की तुझी ना असेल तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. वैनी उठली. आत गेली, घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं काढली आणि विहिरीवर नेऊन धुतली. दिवसभर ती धूतच होती.

तिचं मन मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो तेव्हा.

"ताई," ती म्हणाली, "मले त्याईले इसरायचं नाई. पण मले लेकरू पाह्यजे. कोणी आई म्हणून हाक मारावं, असं लय वाटते." मग खाली मान घालून म्हणाली, "हे वाईट आहे का?"

मी नाही म्हटलं. मी तेव्हा सेलूहून रोज वर्ध्याला कॉलेजात जायची. त्यापेक्षा शहाणं काही मला सुचलं नाही.

वैनीने बाबांना होकार कळवला. आईला मात्र ते सोसलं नाही. तिने विरोध केला नाही, भांडली नाही. फक्त बोलणं बंद केलं. वैनीने वाढलेलं ताट ती बाजूला सारायची आणि नंतर स्वतःच्या हाताने घेऊन जेवायची. बाबा एकदा रागावले तेव्हा एवढंच म्हणाली की माझ्या घरातून आणखी एक माणूस चाललं, त्याचं मी काय करू. लेक गेल्यावरही तो थोडाफार ज्या माणसात उरला होता, ते माणूसही आता दुसऱ्याच्या घरी जाणार होतं. हे मला आता कळतं. तेव्हा मला आईचा रागच यायचा.

पाट मृग लागायच्या आधी लावायचा ठरला. वैशाखातल्या एका सकाळी पाहते तर वैनीने मधल्या खोलीतलं सगळं सामान ओसरीत आणून ठेवलेलं. पदर खोचलेला. शेजारी कोमट पाण्याचं घमेलं, बाबांच्या जुन्या धोतराचे तुकडे आणि पोळ्यांचं उलथणं. आई दारात येऊन उभी राहिली. तीन महिन्यांनी ती सुनेशी पहिल्यांदा बोलली.

"तू चालली म्हणून काढून राह्यली का हे?"

वैनीने हातातला फडका पिळला. "हाव," ती म्हणाली. "मी गेल्यावर दुसऱ्या कोणी हे ओरबाडून काढावं, ते माह्यानं नाई सहन होणार, आई. त्याईनं कसं काढायचं ते मले सांगतलं होतं. दुसऱ्या कोणाले नाई."

आई दारातून मागे वळली. आत जाऊन भाजी चिरायला बसली, पण खोलीकडे पाठ करून.

वैनीने वरून सुरुवात केली. ओला फडका कागदावर ठेवून हलकेच दाबायची. पाणी ओघळू द्यायची नाही, कारण गिलाव्यामागे माती होती आणि पाणी आत गेलं तर मातीच सुटली असती. एक पट्टी भिजली की थांबायची. थांबताना ती भिंतीला टेकून बसत नसे. समोर उभी राहायची, एखाद्या आजाऱ्याकडे पाहावं तशी. पिवळा रंग गडद झाला, खळीने धरलेलं सोडलं, की सांध्यात उलथण्याची बोथट कड सारायची आणि कागद वर न ओढता खाली, भिंतीला लगटूनच, सोडवत आणायची. जिथे अडेल तिथे पुन्हा फडका. मी पाणी गरम करून देत होते आणि ओल्या पट्ट्या अंगणात नेऊन टाकत होते. उन्हाळा असल्याने उघडी झालेली भिंत बघता बघता वाळत होती. खालचा निळसर चुना जसाच्या तसा होता. त्यावर दादाच्या पेन्सिलीच्या रेघा. एक रेघ वाकडी गेली होती. ती खोडून त्याने शेजारी दुसरी मारली होती.

दुपारपर्यंत एक भिंत झाली. दुसरी होती ती ओलीची. तिथे खाराने गिलावा आतून पोकळ झालेला. वैनीने फडका ठेवून हलकं दाबलं तर आत पोकळ आवाज आला. तिने पट्टी सोडवायला घेतली आणि कॅलेंडराच्या वरच्या बाजूला गिलावा कागदासोबत पुढे झुकायला लागला. तिने एका हाताने तो दाबून धरला. दुसऱ्या हातात उलथणं होतं. सोडवावं तर धरायला हात नाही, धरावं तर सोडवायला नाही. मला तिने हाक मारली, पण मी पाण्यासाठी न्हाणीत गेलेली. मी धावत आले तेव्हा आई उठून खोलीत गेलेली होती. तिने दोन्ही तळवे पसरून भिंतीला लावले होते.

"मी धरतो," आई म्हणाली. "तू काढ."

आमच्याकडे जुन्या बायका स्वतःबद्दल असंच बोलायच्या, करतो, जातो. वैनीने कडेने ओल देत देत कागद सुटा केला. आईचे हात बोटाबोटाने खाली सरकत गेले. जिथला कागद निघाला तिथे आई भिंत दाबून धरायची, बाबांनी कालवून दिलेला चुना-वाळूचा गारा मी कडांना भरायची. गिलाव्याच्या खपल्या पडल्याच, पण काकांच्या वेळी पडला तसा तुकडा पुन्हा पडला नाही. दोघी अंगाला अंग लावून उभ्या होत्या. आईच्या हातांवर खळीचा बुळबुळीत थर आला होता. मध्येच आईने विचारलं, तो झोपेत खोकायचा का गं लग्नानंतरही. वैनी म्हणाली, हो, थंडीत. नंतर त्या दादाबद्दल बोलतच राहिल्या, अगदी बारीकसारीक. त्याला वांग्याची भाजी कशी लागायची, तो पायजम्याची नाडी कशी हरवायचा. तो गेल्यापासून आमच्या घरात त्याच्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. आई रडत होती आणि तिला डोळे पुसता येत नव्हते, हात भिंतीला होते म्हणून. वैनीने आपल्या पदराने तिचे डोळे पुसले आणि पुन्हा कामाला लागली.

दाराजवळची तुटक्या वेलीची पट्टी शेवटी राहिली. ती अख्खी निघावी, असं आईच्या मनात होतं. तिने तसं म्हटलं. वैनीने सांगितलं की भिंत वाचेल, कागद वाचायचा नाही. तरी तिने फार जपून ती सोडवली आणि मी ती खाटेवर पसरून वाळत ठेवली. संध्याकाळी पाहिलं तर ती वाळून वाकडी झाली होती. आई गुंडाळायला गेली तर पापडासारखी मोडली. आईने ते तुकडे बाकीच्या ढिगावर ठेवून दिले.

ढीग उकिरड्यावर टाकता येईना. खळीत विषारी मोरचूद होतं आणि आमची गाय कागद खायची. जाळायचं कोणी नाव काढेना. मग बाबांनी तो पोत्यात भरला आणि शेतात नेला. मीही सोबत गेले. बांधाच्या कडेला त्यांनी खड्डा खणला. तो जरुरीपेक्षा बराच खोल खणला. पोतं आत ठेवल्यावर फावडं हातात धरून ते उभेच राहिले. शेवटी मीच माती ओढायला सुरुवात केली, तेव्हा ते भानावर आले.

पाट देवळात लागला, चार माणसांत. निघताना वैनी आईच्या पाया पडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण ओसरीच्या खाली उतरली नाही. "सणावाराले येजो," एवढं म्हणाली. बैलांची दमणी गल्लीबाहेर गेल्यावर ती मधल्या खोलीत जाऊन बसली. बाबांनी त्या दिवाळीला चुना भिजवला, तेव्हा मधली खोली सोडून द्या, असं तिने सांगितलं. पेन्सिलीच्या रेघा वर्षभर तशाच राहिल्या. पुढच्या दिवाळीला कोणी काही न म्हणता तिने स्वतःच कुंचला घेतला आणि त्या दोन्ही भिंती पांढऱ्या केल्या. मला तिने हात लावू दिला नाही.

वैनी माझ्या लग्नाला आली. सोबत मिस्त्री होते आणि त्यांची मुलगी. मुलगी वैनीचा पदर सोडत नव्हती आणि दर दोन वाक्यांना आई, आई करत होती. माझ्या आईने वैनीची ओटी भरली आणि मुलीला फ्रॉकचं कापड दिलं. दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बसल्या होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी नवरी होते. नंतर वैनीला मुलगा झाल्याचं कळलं. पहिली काही वर्षं ती दिवाळीनंतर एक दिवस तरी येऊन जायची. मग मुलांच्या शाळा, सासूचं दुखणं, एक ना दोन. येणं वर्षाआड झालं, मग तेही नाही. आई भाऊबीज होऊन गेल्यावर दोन-चार दिवस आर्वीकडून येणाऱ्या गाडीच्या वेळेला ओसरीत बसलेली असायची. विचारलं तर म्हणायची, ऊन घेतो.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी वैनी आली. उशिरा कळलं होतं. चेहरा पाहायला मिळाला नाही म्हणून ती उंबऱ्यातच बसली. संध्याकाळच्या गाडीने परत गेली. मुलाला ताप होता.

त्यानंतर एकदाच आमची भेट झाली, नव्वदच्या दशकाच्या मध्याला, वर्ध्याच्या बसस्टँडवर. मी पुलगावच्या गाडीची वाट पाहत होते. मागून कोणी "ताई" म्हणून हाक मारली. तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. लेक सावंगीकडच्या एका घरी पाहुणी म्हणून गेली आहे, तिला न्यायला आले, म्हणाली. तिच्यासाठी स्थळं पाहणं चाललं होतं. मुलगा अभ्यासात बरा होता. बाबांची चौकशी केली, माझ्या मुलांची नावं विचारली. आम्ही उसाचा रस घेतला. दादाचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. काढलं असतं तर दोघींना रडू आलं असतं, आणि भोवती इतकी माणसं होती.

माझी गाडी आधी लागली. गर्दी होती. तिने माझी पिशवी खिडकीतून आत टाकून जागा धरून दिली. गाडी सुरू झाल्यावर ती खिडकीशी थोडी चालत आली आणि म्हणाली, "बाबाले सांगजा, मी येतो म्हणून. या वर्षी नक्की येतो."

मी बाबांना सांगितलं. बाबांनी मान हलवली. त्या वर्षी ती आली नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात बाबाही गेले.